समोरचा बाक

सिस्टरांचं घर, पांढरकवडा
दि. ४ एप्रिल २०२५, शुक्रवार

शीला,

माझं नाव पत्रिकेवर छापायच्या आधी मले एक डाव विचारायचं होतं. निमंत्रक म्हणून सगळ्यात वर, सोनेरी शाईनं, ‘श्रीमती रुपीबाई देवसिंग राठोड’. त्याच्या खाली संजय, मंग तू, अन् पार तळाशी बादलच्या नावानं ते बोबडं बोलणं, आमच्या ताईच्या लग्नाले यायचं हं. बादलले मिशा फुटल्या, अन् पत्रिकेत अजून बोबडाच बोलून राह्यला. म्हणजे साऱ्या मुलखाले मी लग्नाचं बोलावणं करून राह्यली. अन् मले? मले पत्रिका आली माझ्या दिराच्या ट्रकातून, डिझेलचा वास मारणारी. पाकिटावर आधी दुसऱ्याच कोणाचं नाव होतं, ते खोडून माझं घातलं. घरच्या म्हातारीले पाकीट देतात हे मी पहिल्यांदा पाह्यलं. बबिताचं लग्न आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, पुसदच्या लॉनवर, एवढं कळलं. मले न्यायले कोण येणार, कधी येणार, ह्याचं एक अक्षर नाही.

फोनवर बोलली असती. पण फोनवर तू ‘हो याडी, हो याडी’ करते अन् नेमकं मुद्द्याच्या वेळी तुझं नेटवर्क जाते. कागदाले नेटवर्क लागत नाही. म्हणून सिस्टरजवळून कोरे कागद घेतले. माझी शाळा किती झाली ते तुले माहीत आहे, तेव्हा अक्षराले हसायचं नाही अन् कोणाजवळून वाचून घ्यायचं नाही. स्वतः वाच.

आता रीत पुरी करते. मी इथं ठीक आहे, तुम्ही तिथं ठीक असाल असं धरून चालते. संजयले, बबिताले, बादलले आशीर्वाद. तुले पण. सामकी मातेपुढं दिवा लावत असशील. नसशील लावत तं हे पत्र ठेव अन् आधी लावून ये.

पायाचं म्हणशील तं पाय तसाच. खुब्यात घातलेला लोखंडाचा तुकडा ऊन तापलं की आतून बोलते. सिस्टर म्हणतात तेल लावा, मी लावते. बाजूच्या खाटेवर कळंबची पंचफुला आहे, तिचा हात मोडला पण जीभ साबूत आहे. दिवसभर सुनेच्या चहाड्या सांगते. मी तुझ्याबद्दल काही सांगत नाही, विचारलं तरी. जेवण बरं असते. भाकर मी सांगितल्यापासून जरा जाड यायले लागली. अंबाडीची भाजी त्या लोकाइले जमत नाही, आंबट होते पण तिखट होत नाही.

इथं आता दोनच सिस्टर राह्यल्या. एक बिबियाना, झारखंडकडली, तरणीताठी. जीप चालवते, कोलामांच्या पोडावर, त्या रानातल्या वस्तीवर, पोराइले सुया द्यायले जाते अन् अंधार पडल्यावर धूळ खाऊन परत येते. दुसरी लिसीअम्मा, केरळातली, माझ्याहून म्हातारी. ती आता कुठं जात नाही. तिचे गुडघे गेले, कान अर्धे गेले, गळा तेवढा साबूत आहे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनाघरात बसून गाते. माझी खाट त्याच भिंतीले लागून आहे, तेव्हा ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकणं आलं.

सध्या त्यांचे उपासाचे दिवस चालू आहेत. बाजाची पेटी जांभळ्या फडक्यानं झाकून ठेवली. आलेलुया म्हणून त्यांचा एक आनंदाचा शब्द आहे, तोही ह्या दिवसांत तोंडातून काढायचा नसते, मोठ्या सणाच्या रात्रीपर्यंत. एक दिवस माझ्या तोंडातून निघून गेला. बिबियाना हसली अन् लिसीअम्मानं माझ्याकडं असं पाह्यलं जसं मी भरल्या घरात शिवी दिली.

आता तू विचारशील, तुझ्या तोंडातून कसा निघाला, तू तिथं काय करून राह्यलीस. सांगते. हात दुखून आला, बाकी उद्या.

शनिवार

काल मी पायाबद्दल लिहिलं ते परत वाचलं. खोडलं नाही, कारण खोडलेलं जास्त वाचल्या जाते. पण ते खोटं आहे. पुढं येईलच.

आधी गाण्याचं ऐक. ह्याच्याशिवाय पुढचं तुले समजणार नाही अन् तू संजयले म्हणशील, म्हातारीले चळ लागला.

तीजच्या विसर्जनाले नाल्यावर घसरून मी पडलती, यवतमाळले ऑपरेशन झालं, अन् तुम्ही मले इथं आणून टाकलं. तेव्हा मी वॉकर धरून ठकठक करत चालायची. दिवाळी नुकतीच झालती. एक दिवस सांजच्याले खाटेवर बसली होती. भिंतीपलीकडून लिसीअम्माचा आवाज आला. एक ओळ लांबवून म्हटली, मंग गप. आता पुढचं म्हणेल म्हणून मी वाट पाह्यली. गपच. ओळीले जितका वेळ लागला, तितका वेळ गप. मंग दुसरी ओळ. मंग परत तसंच गप.

शीला, तू तांड्याची पोर आहेस. असं ऐकल्यावर आपल्याले काय वाटते ते तुले सांगायले नको. मले वाटलं बाई ढावलो घेऊन राह्यली. तिचं कोणी मेलं असेल, केरळात भाऊ-बहीण कोणी, अन् ही बिचारी एक ओळ रडते, जवाबाची वाट पाहते, कोणी जवाब देत नाही, मंग दुसरी रडते. बाईनं गाऊन रडायचं अन् समोर कोणी नसायचं, हे मी माझ्या जन्मात कुठल्या तांड्यात पाह्यलं नाही. वैरीण असली तरी बाया उठून जवाब देतात.

मी वॉकर घेतला अन् गेली. प्रार्थनाघरात दोन बाक आहेत, एकमेकीकडं तोंड करून. एकावर लिसीअम्मा, समोरचा रिकामा. मी समोर बसली. तिची ओळ संपली अन् गप झाली, तशी मी माझ्या आवाजात उचललं. ‘मारी याडी ये’, मायले हाक मारून, अन् पुढं आपलं जे असते ते. आवाज फाटका आहे, पण सूर चुकला नाही.

तिनं मान वर केली. थांबली नाही, हाकललं नाही. माझं होऊ दिलं. मंग तिची पुढची ओळ घेतली. तिचं पुस्तकातलं, माझं तांड्यातलं. एक ती, एक मी, अशा पुऱ्या करत गेलो. तिचं संपलं तेव्हा कपाळाले-छातीले हात लावला, पुस्तक मिटलं, अन् मले म्हणाली, “कल भी आना.”

झालं. ह्यात मी अडकली.

बिबियाना आली तेव्हा लिसीअम्मानं तिले काहीतरी सांगितलं. बिबियाना माझ्या खाटेजवळ आली अन् भिंतीले टेकून हसायले लागली. म्हणे, “अम्मा, वो रो नहीं रही थी. वो तो शाम की प्रार्थना है. रोज़ की.”

मी म्हटलं, “मंग मधातच गप काहून होते?”

“उस तरफ़ वालों के लिए. एक लाइन इधर वाले गाते हैं, एक उधर वाले.”

“उधर तं कोणीच नाही.”

“हाँ,” बिबियाना म्हणाली, अन् मंग हसली नाही.

पहिले म्हणे दोन्ही बाक भरलेले असायचे. कोणी मेली, कोणाची बदली झाली, नव्या पोरी येत नाहीत. बिबियाना पोडावर अडकली की म्हातारी एकटीच. पण म्हणायची पद्धत सोडत नाही. समोरच्यांची ओळ आली की तेवढा वेळ थांबते. जागा सोडते. मी तिले एकदा म्हटलं, “बाई, दोन्ही ओळी तूच म्हण अन् मोकळी हो, लवकर संपेल.” ती म्हणाली, “वो मेरा नहीं है.” जसं दुसऱ्याच्या वावरातला कापूस वेचून घे म्हटलं.

मंग मी बिबियानाले ढावलो समजावून सांगितला. आमच्यात नवरी निघते तेव्हा नुसती रडत नाही, गाऊन रडते. मायच्या गळ्यात पडून एक ओळ, आजीच्या गळ्यात पडून एक, अन् जिच्या गळ्यात पडली तिनं ओळीनंच जवाब द्यायचा. नवरीचं संपेपर्यंत जवाब देणारीनं उठायचं नाही. उठली तं ते लय वाईट. मयतीतही तसंच. बिबियाना म्हणाली, “तो अब आप फँस गईं.” तिले गंमत वाटली. मले नाही वाटली, कारण ते खरं होतं. ढावलो असता तं एका दिवसात संपला असता. हे रोजचं आहे, अन् ह्याले शेवट नाही. आज संपवलं की उद्या परत पहिलीपासून.

आता मी माझं नाही म्हणत, त्यांचंच म्हणते. लिसीअम्मानं एकेक ओळ घोकून घेतली, पंतोजीच्या वरताण. हिंदी आहे, मोठ्या अक्षराचं पुस्तक आहे, बोट ठेवून चालते. त्यात कोणी खड्ड्यात पडलेला माणूस वरच्याले हाका मारत असते, कोणाचे वैरी मागं लागलेले असतात, कोणाची हाडं दुखत असतात. मले त्यात परकं काही वाटलं नाही. अन् तांड्यात कोणी म्हणत असेल की रुपीबाईनं धरम बदलला, तं त्याले माझ्याकडं पाठव. सेवालाल महाराजांचा फोटो माझ्या उशाशी आहे, त्याचा खिळा बिबियानानंच ठोकून दिला. मले कोणी ‘ख्रिश्चन हो’ म्हटलं नाही अन् मी काही झाली नाही. मी समोर बसते. तेवढंच.

रविवार

आता संजयचं.

संक्रांत झाल्यावर संजय जीप घेऊन आलता. घरी येऊन त्यानं तुले सांगितलं असेल, याडीचा पाय अजून बरा नाही, सिस्टर म्हणतात राहू द्या. सिस्टर तसं काही म्हटल्या नव्हत्या. मी म्हटलं. पाय बरा होता. मी वॉकर कधीच पंचफुलाले देऊन टाकला होता, ती त्यावर टॉवेल वाळू घालायची. संजयचा आवाज फाटकाशी आला तसा मी तो ओढून घेतला, टॉवेल फेकला, खाटेवर आडवी झाली अन् कण्हली. कण्हता मले येते. पंचफुला बघतच राह्यली.

संजय पायथ्याशी बसला. तिळाचे लाडू आणलते, घोंगडी आणलती. म्हणाला, “याडी, चाल. घर तुझं आहे.”

मी म्हटलं, “पाय टेकवत नाही रे.”

“मंग राहतेस अजून?”

“राहते.”

त्यानं चटकन मानलं. जरा हट्ट करायचा होता त्यानं. ‘खांद्यावर घालून नेतो’ म्हटलं असतं, खोटं का असेना, तं मी उठून बसली असती. तो बाहेर गेला अन् जीपले टेकून उभा राह्यला. मले खिडकीतून दिसून राह्यला होता. बापासारखाच उभा राहते, एका पायावर. तेवढ्यात संध्याकाळची घंटी झाली. बिबियाना पोडावर गेलती. लिसीअम्मा आत जाऊन बसली, हे मले बाकाच्या कुरकुरण्यावरून समजलं. इकडे संजय अन् तिकडे ती. संजय निघून गेला, जीप फाटकाबाहेर वळली, अन् मी खाटेवरून उठून सरळ आत गेली. तिनं पहिली ओळ घेतली होती अन् गप बसलती.

हे मी काहून केलं ते मले विचारू नको. मले काही ती बाई माझी लागत नाही. मी घरी यायले नाही म्हटलं असंही नाही. मले वाटलं दोन-चार दिवसांनी संजय परत येईल, तोवर काही सोय करू. तो परत आला नाही. तुम्ही मले शब्दावर धरलं. अन् आता पहा, लग्न जमलं, साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, अन् सारा हिशोब म्हातारीले सोडूनच झाला. तुमची चूक म्हणायले जावं तं तोंड माझंच बंद.

कोणी मले कोंडलं नाही. फाटक दिवसभर उघडं असते. समोर हायवे. नागपूर-हैदराबादचे ट्रक रात्रंदिवस जातात, त्यातले अर्धे डायवर माझ्या दिराले, डोंगरसिंगले, ओळखतात. हात केला तं कोणीही पाटणबोरीच्या धाब्यावर चहा पाजून घरी सोडेल. तरी मी दाव्याले बांधल्या गाईसारखी. दावं दिसत नाही एवढंच. इकडून निघायचं म्हटलं की सांज होते.

अन् डोंगरसिंगनं तुले काय सांगितलं तेही मले माहीत आहे. तो पत्रिका घेऊन आला तेव्हा मी प्रार्थनाघरातून चालत येऊन राह्यलती. हातात काठी नाही. उलट लिसीअम्मालेच मी हात धरून आणून राह्यलती. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. म्हणाला, “वा भाभी, पाय तं घोड्यासारखा आहे.” मी त्याले चहा पण विचारला नाही. हे पत्र पोचायच्या आधी तो पोचला असेल अन् पारावर बसून साऱ्या तांड्याले माझी चाल करून दाखवली असेल. म्हणून हे लिहून राह्यली. नाही तं मी पायाचंच रडगाणं लिहिलं असतं अन् तुम्ही मानलं असतं.

आता लग्नाचं. मले माहीत आहे तुम्ही मले का नेऊन नाही राह्यले. आता कारण पाय नाही, ढावलो आहे. पोराकडचे लोक शिकलेले, पुसदले बंगला, व्हिडिओवाला नागपूरचा. निघायच्या वेळी डीजे लागणार. म्हातारी आली तं नवरीच्या गळ्यात पडून सुरू करेल, सारा मेकअप वाहून जाईल, अन् पाहुणे मोबाइल काढून हसतील. तू म्हणाली नाहीस, पण मागं फोनवर बबिता माझ्याशी बोलून राह्यलती. तिनं विचारलं, “दादी, तो ढावलो सुरू कसा करतात?” मी सांगायले गेली, अन् फोन तुझ्या हातात गेला. तू म्हणालीस, “याडी, तिले अभ्यास आहे.” नर्सिंगची परीक्षा तिची आठ दिवसांआधीच संपली होती, तिनंच मले सांगितलं होतं.

शीला, तुले लाज वाटून राह्यली, ते मले समजते. पण एक गोष्ट आठव. आठवायची नसेल तरी आठव.

तू सून होऊन आली तेव्हा तुझी माय नव्हती. तुझ्या तांड्यात तुझा ढावलो कोणी धड घेतला नाही, काकीनं घाईत उरकला, बस सुटायची होती म्हणून. इकडे आमच्या तांड्यात उतरलीस. रडणं तिकडचं तिकडंच संपवून यायचं असते, सासरी उतरल्यावर नवरीनं तोंड उघडायचं नसते. तू बसच्या पायरीवरच सुरू केलंस. मायले हाक मारून. साऱ्या बाया हसल्या, भुरीबाई म्हणाली, ही तं उलटीच आली. तुझा नवरा मान खाली घालून उभा. तू एक ओळ म्हटलीस अन् गप झालीस. कोणी जवाब दिला नाही, कारण द्यायचाच नसते. मंग तू दुसरी म्हटलीस.

तेव्हा मी काय केलं ते तुले माहीत आहे. सासूनं सुनेच्या ढावलोले मायच्या जागी जवाब दिला, असं आमच्या तांड्यात त्याच्या आधी झालं नाही अन् नंतर झालं नाही. लोकाइनं वर्षभर नावं ठेवली. तू माझ्या गळ्यात अशी पडलीस की माझं नवं लुगडं नाकानं भरवलंस. तुझं संपेपर्यंत मी उठली नाही. मी काही तुझ्यावर दया केली नाही. ओळ आली, समोर कोणी नव्हतं, मी होती. तसंच आहे ते.

आता तूच सांग, तुझ्या पोरीच्या वेळी मी पत्रिकेवर सोनेरी नाव होऊन बसू काय?

सोमवार

लिसीअम्माले सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण डोंगरसिंगच्या हातातली पत्रिका तिनं पाह्यलती अन् गणपतीचं चित्र पाहून ओळखलं. म्हणाली, “शादी?” मी म्हटलं, “नातीची. पोतीची. जायचं की नाही माहीत नाही.”

तिनं मले तिचं सांगितलं, तुटक हिंदीत. ती सोळा-सतरा वर्षांची असतानी लोखंडी पेटी घेऊन रेल्वेनं निघाली. तेव्हाच्या नियमात घरी जाता येत नव्हतं, माय मेली तरी नाही. तिची धाकटी बहीण, दोघी एका चटईवर झोपायच्या, तिचं लग्न झालं. “उस टाइम मैं इधर बाक पर थी. गा रही थी. सब लोग बोला, उसके लिए गाओ. मैं गाया.” मंग म्हणाली, “उसको सुनाई तो नहीं दिया ना.”

मी म्हटलं, “मी गेली तं तू एकटी.”

“तुम जाओ. तुम्हारा जगह खाली रखेगा.”

मले त्याचीच धास्ती आहे, शीला. दुसरी कोणी असती तं म्हणाली असती, जा, मी दोन्ही ओळी म्हणेन, किंवा म्हणणारच नाही, झोपेन. ही तसं करणार नाही. मी पुसदच्या लॉनवर डीजेसमोर खुर्चीवर बसली असेन अन् ही इकडे माझ्या ओळीपुरती गप बसून राहील. रोज. मी परत आली नाही तरी. कधी नाही आली तरी. माणूस मेल्यावर त्याची जागा भरून जाते, हे बरं असते. हिच्याजवळ भरत नाही.

पंचफुलाले म्हटलं, मी नसेन तितके दिवस तू बस. एक दिवस बसवून पाह्यली. पहिल्या ओळीले डुलकी लागली, दुसऱ्या ओळीले घोरली. लिसीअम्मा तिचं घोरणं संपायची वाट पाहत बसली. मंग मी मागून उचललं. बिबियाना म्हणाली, “अम्मा, आप जाइए, मैं उन दिनों जल्दी आ जाऊँगी.” ती येईल असं म्हणते. पण पोडावर लेकरू तापानं फणफणत असलं तं ती त्याले सोडून ओळ म्हणायले येणार नाही, अन् येऊही नये.

म्हणजे पहा. इथून निघाली तं इथला बाक रिकामा. नाही निघाली तं तिथं बबिताच्या समोर कोणी नाही. मी एक आहे. माझे दोन तुकडे करून पाठवता येत नाहीत.

पण दोन्हीत एक फरक आहे, तो मी रात्रभर घोळवला नाही, चुलीसमोर बसली तेव्हा सकाळीच डोक्यात आला. लिसीअम्मानं ओळ सुरू केली, मंग मी गेली. तिनं सुरू केली नसती तं मी खाटेवरच पडून राह्यली असती. जवाब देणारी आधी तोंड उघडत नाही. ढावलोतही सुरुवात नवरीनंच करायची असते. मी आजी असली, निमंत्रक असली, सोनेरी शाईची असली, तरी तिच्या आधी माझी ओळ नाही. बबितानं सुरू नाही केलं तं मी तिथं खुर्ची अडवून बसलेली एक म्हातारी. तेव्हा इकडेच बरी.

म्हणून तुले भीती नको. मी डीजे बंद करायले सांगणार नाही, कोणाचा मेकअप बिघडवणार नाही, व्हिडिओत येणार नाही. मले न्यायचं की नाही हे तू ठरवू नको, संजयनं ठरवू नये, पुसदच्या बंगल्यानं तं मुळीच नाही. हे पत्र बबिताले दे. पुरं दे. पायाचा भाग गाळू नको, तुझा भागही गाळू नको, तिले तिची माय कशी आली ते कळू दे.

बबिता, आता तुले. सुरुवात कशी करतात विचारलं होतंस ना. ती फोनवर शिकवता येत नाही अन् कागदावरही नाही. माझ्यासमोर बसून शिकावी लागते. पहिली ओळ सोपी आहे, तुझ्या मायले येते. तिले विचार. तिनं नाही म्हटलं तरी तिले येते. तुले ती पाहिजे असेल तं मले लिही, ‘दादी ये’. संजयनं जीप घेऊन यावं, तोही सांजेच्या आधी नाही, प्रार्थना झाल्यावर. हळदीआधी दोन-तीन दिवस मी तुझ्याजवळ राहीन, लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मले इकडे परत आणून सोडायचं. हे परतीचं लग्नाच्या गडबडीत विसरायचं नाही. मी माझी तिकडचीही सोय लावून ठेवीन, जशी लागेल तशी.

अन् नको असेल, तुले डीजेच पाहिजे असेल, तं तेही लिही, ‘दादी येऊ नको’. मी वाईट मानणार नाही. मानलं तरी तुले कळणार नाही. तुझ्या लग्नाच्या दिवशी सांजच्याले मी बाकावर असेन, तू कुठं आहेस ते मले माहीत असेल.

दोन्हीपैकी काहीच लिहिलं नाहीस, तं मात्र मी वाट पाहत बसेन. ते मले आता जमायले लागलं, अन् ते मले नको आहे.

घंटी झाली. बिबियानाची जीप अजून आली नाही. जाते.

जिचं नाव सगळ्यात वर छापलं ती,
रुपीबाई देवसिंग राठोड

ह्याचं उत्तर बबितानंच लिहायचं, स्वतःच्या हातानं. शीला, तू पत्ता पण घालायचा नाही.